छाट

भाषेचं नाव सांगितलं तेव्हा अम्मा म्हणाली,
रस्ट म्हणजे गंजच ना?
गंज आपल्या पत्र्याला फुकटात चढतो,
त्याच्यासाठी रात्रभर जागतेस?

विडी घरकुल, एप्रिल, साडेअकरा.
छत अजून निवलेलं नाही.
जुना लॅपटॉप पालथ्या ताटावर ठेवलाय, तरी तापतो.
अम्मा उंबऱ्याशी, मांडीवर सूप,
आणि दोघींत एक बल्ब.

मी डेटाबेस लिहितेय.
किल्ली दिली की पापणी लवायच्या आत
लाखातली नेमकी नोंद काढून देईल असा.
निदान तसं ठरलं होतं.
सध्या तो कुंभारीच्या बससारखा येतो,
आला तर.

कंपायलर परत पाठवतो.
ओळ एकशेबारा : ही वस्तू तू आधीच देऊन टाकलीस,
आता ती तुझी नाही.
ओळ एकशेचाळीस : उसनवारी
मालकापेक्षा जास्त जगतेय.
मी दुरुस्त करते, तो परत पाठवतो.
आज एकतीस वेळा.

छाट काढतोय का गं? अम्मा मान वर न करता विचारते.
तिला ठाऊक आहे छाट.
सकाळी कारखान्यात कोडम चेकर
हजारातल्या ऐंशी बाजूला सारतो.
तोंड नीट मुडपलं नाही, पोटात तंबाखू कमी, दोरा सैल,
कधी नुसतंच हूं.
तुझा कारण तरी सांगतो?
सांगतो. चुकल्या शब्दाखाली खूण करून.
मग बरा आहे की, म्हणते,
आणि दाताने दोरा तोडते.

पण वेग तो शिकवत नाही.
चार रात्री मी शोधत होते वेळ कुठे गळतो,
आणि समोर तिचे हात चालले होते.
पान, तंबाखू, वळण, दोरा.
हात सुपाबाहेर जात नाही.
भिजवलेली पानं लांब, मोरीपाशी, गोणपाटात.
तिथे ती एकदाच उठते,
आणते ती पाचशेची सोय.
एकेका पानासाठी उठली असती
तर माझी फी भरली गेली नसती.

माझा प्रोग्राम उठत होता.
एकेका नोंदीसाठी डिस्कच्या मोरीपर्यंत
आणि परत.

मग मीही पानं केली,
चार हजार शहाण्णव बाइटांचं एक,
शेजारच्या किल्ल्या शेजारी, क्रमाने,
एका खेपेत येतील अशा.
दीडला वीज गेली. बॅटरी मेलेलीच, लॅपटॉपही गेला.
अंधारात तिचा दोरा सरकत राहिला.
वीज आली तेव्हा मी श्वास धरून उघडलं :
सगळं होतं.
आधी रोजवहीत टिपायचं, मग जागेवर ठेवायचं,
एवढं मी तरी शिकले होते.

तपासायला खरा माल हवा होता.
ट्रंकेत तिच्या चिठ्ठ्या होत्या, एकोणीस वर्षांच्या,
तारीख, दिलेल्या, छाट.
महिनाभर रोज थोड्या टंकल्या होत्या.

छाट विड्या परत देतात का अम्मा?
नाही. पैसेही नाहीत, विड्याही नाहीत.
जातात कुठे?
तिने खांदे उडवले.

माझ्या भाषेत हे अडलं असतं का, मी बघितलं.
अडत नाही.
दिली, की मालकी गेली. नियमात बसतं.
बदल्यात काय मिळालं
हे कंपायलर विचारत नाही.
सगळं हिरवं. एकही चूक नाही.

तीन वाजता मी बेरीज मागितली.
बोट उचलायच्या आत आकडा पडद्यावर.
चार लाख बारा हजार सहाशे सात,
मी ओरडलेच, बघ, बघ किती पटकन!

तिचे हात थांबले. त्या रात्री पहिल्यांदाच.
पुन्हा सांग, म्हणाली.
हळू सांग.